एल्फी थीसन खोलीबाहेर गेली

विनिपेगमध्ये कुठल्या संग्रहालयाच्या भिंतीवर सध्या काय टांगलंय, मॉन्ट्रियलच्या समीक्षकांनी कोणाला डोक्यावर घेतलंय आणि व्हँकुव्हरमध्ये कोण कोणाशी बोलेनासं झालंय, हे एल्फी थीसनला विचारावं. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर तिने सगळा जीव कॅनडाच्या आजच्या कलेत घातला. घरभर मासिकांच्या चळती, न्हाणीघरातसुद्धा. उन्हाळ्यात बहिणी तळ्याकाठी मासे धरायला जात, तेव्हा ही गाडी काढून ओटावाची प्रदर्शनं गाठायची. गावातल्या एका त्रैमासिकात तिची परीक्षणं येत. चित्रकार ती धास्तीने वाचत, आणि ते तिला मनापासून आवडायचं.

एके काळी ती स्वतः रंगवायची. पण इतकं पाहिलं, इतकं वाचलं, की ब्रश उचलला की हे आधी कोणी करून ठेवलंय तेच आठवायचं. हळूहळू ब्रश उचलणंच थांबलं.

हालिना बोयचुकला असलं काही आठवायची भीतीच नव्हती, कारण तिला काही माहीतच नव्हतं. एल्फीची ही तरुणपणापासूनची मैत्रीण दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. कलेवरच्या व्याख्यानाला एल्फीने ओढून नेलं की दिवे मंदावताच तिची मान कलंडायची. मासिक हातात दिलं तर चित्रं पाहून परत. आणि ही बाई करायची काय, तर हरवलेले हातमोजे एकमेकांना जोडून शिवायची. बर्फ वितळला की रस्तोरस्ती एकेकटे मोजे उघडे पडतात; सापडलेला मोजा लोक जवळच्या कुंपणाच्या खुंटावर अडकवतात, मालकाला दिसावा म्हणून. उन्हाळा सरेपर्यंत ज्यांना कोणी न्यायला येत नाही, ते हालिना गोळा करायची. लेकरांचे, बसचालकांचे, कुणाच्या आजीने विणलेले. त्यांचा तिने भिंतभर पडदा केला होता, सगळी बोटं बाहेर आलेली.

एल्फीने तो पाहिला. पडदा अस्सल होता. एवढं वाचल्यावर तेवढं तर कळतंच, आणि कळलं हेच दुखणं होतं. आपण जन्मभर नोंदी ठेवायच्या आणि हिने व्याख्यानात घोरून हे करायचं? असला जळफळाट तिला बहिणींच्या सुखी संसारांचाही कधी झाला नव्हता.

फेब्रुवारीत नदीकाठच्या संग्रहालयाच्या खरेदी समितीची बैठक भरली. एल्फी त्या समितीवर होती. नवीन कामांत हालिनाचा पडदाही होता, कोणीतरी सुचवलेला. आता तिथला नियम असा, की कलाकाराशी ज्याचे जवळचे संबंध त्याने तसं सांगायचं आणि निर्णय होईपर्यंत बाहेर जायचं. पण विनिपेगमध्ये सगळेच सगळ्यांना ओळखतात. नियम काटेकोर पाळला तर खोलीत खुर्च्याच उरायच्या. त्यामुळे लोक 'थोडीफार ओळख आहे' म्हणून बसून राहत, आणि कोणी काही म्हणत नसे. एल्फीही आजवर डझनभर ओळखीच्यांच्या वेळी बसून राहिली होती.

समितीत बोलणारी तीच. बाकीचे बहुतेक वेळा तिच्या तोंडाकडे पाहून मान डोलवत. आज बसून राहिलं तर खरं बोलावं लागेल, हे तिला कळत होतं, आणि खरं बोललं की पडदा आत. खोटं बोलण्याइतकी ती घसरलेली नव्हती. आपल्यावाचून या मंडळींना मोज्यांच्या ढिगात काय दिसणार? तिने साळसूदपणे हात वर केला.

"माझी जवळची मैत्रीण आहे ती. मी बाहेर थांबते."

अध्यक्ष बर्निस मकाय कौतुकाने म्हणाल्या, "सगळे तुमच्यासारखे वागले तर काय हवं होतं, एल्फी."

बाहेरच्या बाकावर बसून एल्फी मनातल्या मनात हालिनाचं सांत्वन करू लागली. जाताना रुबार्बचा केक न्यावा. म्हणावं, अगं, समित्यांना काय कळतंय. केकवर साखर किती भुरभुरायची इथवर तिचा विचार गेला होता, तोच दार उघडलं. पडदा घेतला होता. बर्निस म्हणाल्या, चर्चाही करावी लागली नाही, सगळे नुसते बघत राहिले.

कपट करावं आणि तेही कोणाच्या कामी येऊ नये! एल्फीच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याबद्दल चिडायला आरशाशिवाय कोणी नव्हतं.

रविवारी हालिनाने जेवायला बोलावलं. दारात बूट काढून एल्फी आत आली तोवर बटाटा भरलेल्या पिरोग्यांचं ताट टेबलावर आलं होतं, वर परतलेला कांदा. हालिनाचे डोळे रडून सुजले होते.

"तूच केलंस ना हे?" ती म्हणाली. "बोललीस ना माझ्यासाठी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. हालिना जन्मभर तिची ऋणी राहिली असती, आणि संग्रहालयातल्या त्या भिंतीचा एक तुकडा तरी एल्फीचा झाला असता. पण समोरचा तो आनंदी, सुजलेला चेहरा तिला सहन होईना.

"मी खोलीतच नव्हते. बाहेर गेले. आणि नियमासाठी नाही गेले, हालिना. तू पडावीस म्हणून गेले. मी जळते तुझ्यावर."

हालिनाने काटा खाली ठेवला.

"पडावी म्हणून?" ती म्हणाली. "हे लागलं मला. हे विसरायला वेळ लागेल." मग आंबट सायीचं भांडं तिने एल्फीपुढे सरकवलं. "पण जळतेस ते मला नवीन नाही. मला कुठे ती मासिकं कळतात? मी तुझं तोंड वाचते. तू तोंडभर वाहवा केलीस की समजायचं, फसलंय. मग मी ते उसवायची. तू गप्प झालीस, माझ्या खिडकीच्या पडद्यांच्या रंगाला नावं ठेवायला लागलीस, की तसंच ठेवायचं."

एल्फीने साय वाढून घेतली.

"या मोज्यांच्या वेळी," हालिना म्हणाली, "तू मला महिनाभर फोनच केला नाहीस. तेव्हाच मी शेवटची गाठ मारली."