बॉयलरवाल्याचं सर्टिफिकेट

सातवीतून शाळा सोडून मराठवाड्यातून इतक्या लांब आलेल्या माणसाला साजगावच्या कारखान्यात कोण उभं करणार? बॉयलरवाल्या दादांनी केलं. त्यांच्या शब्दावर मी फायरमन झालो, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. राहायला पडवीही त्यांचीच. तिथे सगळे मला घाटी म्हणत; दादाही म्हणत, पण त्यांच्या तोंडी ते टोचायचं नाही.

पेटत्या बॉयलरपाशी सर्टिफिकेटवाला माणूस हजर पाहिजे, असा कायदा. आमच्या पाळीला सर्टिफिकेट एकट्या दादांकडे. पण दादा जवळच्याच गावचे भातवाले. तिथे लावणीला अख्खी आळी एकेका घराच्या शेतात उतरायची. ठरलेला दिवस बदलत नसे, आणि त्या दिवशी घरधनी चिखलात नसला तर पुढच्या साली त्याच्याकडे कोण येणार?

"घाट्या, आज आमच्या शेताचा दिस हाय रं. दुपारपत्तोर येतो. काचेतल्या पाण्यावर डोळा ठेव."

मी डोळा ठेवला. बॉयलरमध्ये पाणी किती, ते ही काच दाखवते. पाणी अर्ध्या काचेवर, हलेना. मला तेच बरं वाटलं.

अकराच्या सुमारास बॉयलर इन्स्पेक्टर आले. न कळवता.

"अटेंडंट कुठाय?"

"परसाकडं गेलेत, साहेब."

साहेब स्टुलावर बसले. चहा आला, पिऊन झाला. घड्याळ बघून म्हणाले, "परसाकडं कुठं, पुण्याला गेलाय का?"

मग ते उठले आणि त्यांनी काचेखालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडला. वाफेचा फूत्कार झाला. कॉक बंद केल्यावर पाणी झटक्यात वर चढायला हवं. ते रेंगाळत आलं आणि तळाशीच थांबलं. बॉयलरमधून काचेत येणारी नळी गाळानं तुंबली होती. काच सकाळपासून खोटं पाणी दाखवत होती.

"आग ओढ बाहेर! पाणी सोडू नकोस, आधी आग!"

मी लाल निखारे बाहेर ओढले; पाणी आटलेल्या तापल्या बॉयलरमध्ये गार पाणी गेलं असतं तर तो फुटला असता. दादा आले तेव्हा भट्टी काळी पडली होती. त्यांच्या गुडघ्यापर्यंत चिखल. साहेबांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं, बाकी काही विचारलं नाही.

जबाब मात्र मला द्यायचा होता. दादा किती वेळ नव्हते, एवढंच. 'थोडा वेळ' लिहिलं तर कदाचित ताकीद देऊन सोडतील, असं मॅनेजर म्हणाले. ज्या माणसाच्या पडवीत मी झोपतो, त्याच्या पोटावर पाय कसा द्यायचा? मी पेन धरून बसलो. दादाच म्हणाले, "खरं काय त्ये लिव. खोटं लिवशील तर तुजाच गळा अडकंल."

मी लिहिलं: सकाळी सातपासून.

सर्टिफिकेट वर्षभरासाठी निलंबित झालं. पुन्हा असं घडलं तर कायमचं रद्द. मला काहीच झालं नाही. काढून घ्यावा असा कागदच माझ्याकडे नव्हता. त्यामुळे मला सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली.

त्या रात्री दादांच्या घरी मी भात नुसता चिवडत होतो. वहिनी म्हणाल्या, "जेव रं, तुज्यावर कोण नाय चिडलं." मी दादांना म्हटलं, "रोज तुम्ही कॉक उघडता, मी बघतो. मला त्या आवाजाची भीती वाटते, म्हणून नाही उघडला. चूक माझी."



"तू भितोस, त्ये मला ठावं व्हतं," दादा म्हणाले. "कॉक उघडला की तू माज्या मागं सरकतोस. कितींदा बघितलंय. तरी गेलो." मग म्हणाले, "सायबानं गैरहजरीच लिवली. ह्ये कुटं लिवलंय?"

दुसऱ्या दिवसापासून नव्या बॉयलरवाल्याच्या हाताखाली ते माझ्याशेजारी कोळसा टाकू लागले. वर्ष सरलं, सर्टिफिकेट परत आलं. पण त्या रात्रीपासून माझ्याकडे बघताना त्यांची नजर आधी थोडी खाली जायची, ते तसंच राहिलं.