दोन पोळपाटांवरची तयारी

देवगाव फाट्याजवळच्या एका लग्नात एक माणूस मला म्हणाला होता, "तुम्ही डीजे नाही हो, तुम्ही गाणी लावणारे." त्याला चार वर्षं झाली. मी ते विसरलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं सगळं मी कशासाठी केलं, हा प्रश्न पडणार नाही.

तो संभाजीनगरचा डीजे. त्या लग्नात वरात माझ्याकडं होती आणि वरातीनंतरचा तास त्याच्याकडं. त्याची मशीन मोठ्या शहरातल्या क्लबात असतात तसली होती, दोन प्लेअर आणि मधे मिक्सर. मी बघायला गेलो, हात पुढं केला, तर तो ते वाक्य बोलला, तेही नवरदेवाच्या मामासमोर. मी तापट माणूस आहे. पण त्या क्षणी माझ्या तोंडात जिलबी होती. ती गिळून मी उत्तर देईपर्यंत तो हेडफोन लावून मोकळा झाला होता.

मला कुणी काही शिकवलेलं नाही. आमच्या गावात, बोरीत, पहिले दोन स्पीकरचे डबे मी स्वतः प्लायवूड कापून केले. आज माझी गाडी आहे, गाडीवर भिंतीएवढे डबे आहेत, आणि लग्नसराईत आसपासच्या गावांतून मला फोन येतात. काम मात्र सगळं एका जुन्या लॅपटॉपवर. आमच्याकडच्या वरातीत पुढं हलगीवाले चालतात आणि मागं आमची गाडी. हलगी एका चालीत आणि गाणं दुसऱ्या चालीत असलं की नाचणाऱ्यांचे पाय गोंधळतात आणि शिव्या मला बसतात. म्हणून लॅपटॉपच्या दोन कळा दाबून मी गाण्याचा वेग हलगीवर बसवतो. हलगीवाला जोशात येऊन पळाला की गाणं पळवतो, दमला की आवरतो. सगळेच हे करत असतील, असं मला वाटायचं.

तर गेल्या वर्षी जिंतूर रस्त्यावर एक नवं मंगल कार्यालय झालं. मोठं लॉन, कारंजं, फोटो काढायला लाकडी बैलगाडी. उद्घाटनाला मालकानं संभाजीनगरहून त्याच डीजेला बोलावलं. माझ्याकडं मालक फक्त घुमणारे मोठे डबे मागायला आला.

"घेऊन जा," मी म्हणालो. "भाडं नको."

मालक खुर्चीतून अर्धा उठला. "तुला भाडं नको? तब्येत बरी हाय ना?"

"भाड्याऐवजी एक तास पायजे. त्याच्या मशीनवर. त्याच्या आधी."

"अरे, तुला ती मशीन येती का?"

"अजून पंधरा दिवस हायेत की."

त्यानं अर्धा तास देऊ केला. मी दाखवायला उतरवलेले डबे परत गाडीत चढवायला लागलो. त्यानं पाऊण तास म्हटलं, मी ताडपत्री बांधायला घेतली. दोरीची शेवटची गाठ मारताना पूर्ण तास मिळाला, दुपारी चार ते पाच. पाचनंतर तो संभाजीनगरचा. म्हणजे माझं वाजवणं त्याला ऐकावंच लागणार होतं.

आता मशीन शिकायची होती. परभणीत एका दुकानात तसली जोडी मांडून ठेवलेली आहे असं कळलं, म्हणून गेलो. दुकानदार मशीनच्या मागं बसलेला, मी काउंटरच्या अलीकडं.

"एक तास हात फिरवू द्या."

"बघायचं. हात लावायचा नाही. फोटोपण नाही."

"अर्धा तास द्या."

"भाई, हे काय कलिंगड आहे का वाजवून बघायला?"

मी गोड बोललो, मग चिडलो, मग पुन्हा गोड बोललो. बिघडलेला एक स्पीकर दुरुस्त करून देतो म्हणालो. त्यानं तो दुरुस्त करून घेतला आणि बदल्यात मला चहा पाजला, बस्स. आयुष्यात एवढा वाईट सौदा मी केला नव्हता. शेवटी खिशातल्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला मी मशीनचं चित्र काढलं आणि बोटांनी हवेतच माप घेतलं. इथं चाक, इथं गोल बटणं, इथं वेगाची पट्टी, म्हणजे वरखाली सरकवली की गाणं जलद किंवा सावकाश होतं ती.

घरी येऊन जुन्या डब्याच्या प्लायवर ते चित्र मोठं करून आखलं. चाकाच्या जागी पोळपाट बसतो, हे बघून मला फार आनंद झाला. एक आमचा, एक वहिनीचा. बटणांना बाटल्यांची झाकणं. पट्टीसाठी प्लायमध्ये खाच पाडून तिच्यात आगपेटी बसवली. लॅपटॉपवर गाणी लावायची आणि समोर उभं राहून त्या फळीवर हात चालवायचे, असा अभ्यास सुरू झाला. रोज दुपारी जेवण झालं की दोन तास.

बायको दारात येऊन उभी राहायची.

"अहो, पोळपाट द्या इकडं. पोरं शाळेतून येतीलच आता."

"गाण्याच्या मधी हाय मी."

"गाणं त्या डब्यातून यायलंय. तुमी नुसती आगपेटी सरकवायलाव."

"तेच तर शिकायलोय."

"मग माझ्या आगपेट्या कशाला? वहिनी इचारायल्या, भावजींना काय झालं म्हणून. पोळपाटाला हात लावून डोळे मिटत्यात म्हणं."

वहिनीनं तिसऱ्या दिवशी तिचा पोळपाट परत नेला. त्या जागी मी डब्याचं झाकण ठोकलं. पण हात तयार होत होते. डोळे मिटले तरी डावा हात बरोबर पट्टीवर जायचा आणि उजवा बटणांवर. असल्या मशीनला वेग आपोआप जुळवणारं बटण असतं हे मला माहीत होतं. पण त्यासाठी गाणी आधी संगणकाकडून मोजून घ्यावी लागतात, आणि माझी हलगीची गाणी संगणकाच्या मोजणीत बसत नाहीत. ती माणसांनी वाजवलेली आहेत, मधेच खुशीत येऊन पळतात. म्हणून पट्टी महत्त्वाची, आणि पट्टीसाठी डावा हात.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी डबे लावले. शहरातून मशीन आली, बरोबर त्यांचा एक माणूस. मी त्याच्याकडं मशीन वाजवून बघायला अर्धा तास मागितला. तो पाच मिनिटं म्हणाला. यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमचं भांडण संपलं तेव्हा पाचातली चार मिनिटं होऊन गेली होती. उरलेल्या एका मिनिटात मी मशीनमागं उभा राहिलो, डोळे मिटले, डावा हात पट्टीवर टाकला. हाताखाली गोल बटणं आली. डोळे उघडले. पट्टी उजवीकडं होती.

मग डोक्यात प्रकाश पडला. मी चित्र काढलं होतं काउंटरच्या अलीकडून, गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूनं. जन्मभर मी त्याच बाजूला उभं राहून भाव केलेत. घरी फळी आखताना वरचं खाली करायचं लक्षात राहिलं होतं, डावं उजवं करायचं राहून गेलं होतं. पंधरा दिवस मी उलटी मशीन शिकलो होतो.

बायकोला फोन केला. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "असं करा, डावा हात खिशात घाला. भाईर काढूच नका. सगळं उजव्यानं करा."

तेच केलं. चार वाजता डावा हात खिशात घालून मी सुरुवात केली. बारा बटणं आणि एकच हात, त्यामुळं मी संथ चालत होतो, विचार करून बोट ठेवत होतो. लोकांना ती ऐट वाटली. पुढं उभ्या असलेल्या चार पोरांनी आपलेही हात खिशात घातले. तो संभाजीनगरचा डीजे स्टेजच्या कडेला येऊन उभा राहिला, गळ्यात हेडफोन. मी त्याच्याकडं बघितलं नाही, पण त्याचा पाय हलतोय का ते बघत होतो. हलत नव्हता. अर्धा तास असा गेला. चूक झाली नव्हती, पण रंगही भरत नव्हता. एका हातानं मी खरोखरच गाणी लावत होतो, बाकी काही नाही.

आणि तेवढ्यात मालक शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवर चढला.

आपल्याकडं स्टेज दिसलं की सत्कार होतो. माणूस भाषण करतोय की वाजवतोय, याच्याशी त्याचा संबंध नसतो. मी मानेनं नको नको म्हणत होतो.

मालक कानाशी येऊन ओरडला, "अरे, फोटोवाला थांबलाय! घे की!"

त्यानं शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि उजव्या हातात नारळ ठेवला. नेमकं तेव्हाच गाणं संपत आलं होतं, दुसऱ्या मशीनवरचं पुढचं गाणं जुळवायचं होतं. उजव्या हातात नारळ. डावा हात माझी परवानगी न घेता खिशातून बाहेर आला, आणि पंधरा दिवस जसा आगपेटीवर जात होता तसा गेला. तो वाजणाऱ्या मशीनच्या बटणावर पडला. गाणं कापल्यासारखं थांबलं.

एवढे मोठे डबे एकदम गप्प झाले की शांतता कानाला लागते. लॉनवरची सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी शाल पांघरून, नारळ धरून उभा. फोटोवाल्यानं फोटो काढला. तो फोटो त्या कार्यालयात आजही आहे.

त्या शांततेत फाटकाकडून हलगी ऐकू आली.

पाहुण्यांच्या स्वागताला हलगीवाले दुपारपासून तिथं वाजवत होते. माझ्या आवाजाखाली ते कुणाला ऐकू येत नव्हते, इतकंच. त्यांच्यातला म्हातारा माझ्या ओळखीचा, कित्येक वराती आम्ही पुढं-मागं चालून काढल्या आहेत. माझं काहीतरी चुकलंय हे त्याला फाटकातून कळलं. त्यानं हात वर केला आणि सगळे जोरात सुटले. लोकांच्या माना तिकडं वळल्या.

मी नारळ मालकाच्या हातात परत दिला. "धरा."

"अरे, पण सत्कार..."

"धरा म्हणलं ना!"

हेडफोनचा एक कान लावला, दुसरा कान हलगीकडं ठेवला. आता डावं-उजवं आठवावं लागलं नाही. हलगी पुढं आणि मी मागं, हे काम मला येत होतं. उजव्या हातानं पट्टी खाली ओढली, गाणं जलद झालं, थोडं जास्त झालं, चाकाला बोट लावून आवरलं. बसलं. मग आवाज हळूहळू वर घेतला, आणि लोकांना कळायच्या आत हलगी गाण्यात होती. म्हातारा वाजवत वाजवत लॉनवर आला. तो मुद्दाम पळाला, मी पळालो. तो थांबत आला, मी थांबत आलो. कारंज्याजवळच्या खुर्च्या लोकांनीच उचलून कडेला केल्या. मालक हातात नारळ घेऊन स्टेजवरच नाचायला लागला.

मी कडेला बघितलं. त्या डीजेचा पाय हलत होता.

पाच वाजता मी मशीन सोडली. तो जवळ आला. "भाऊ, ते मधेच बंद करून हलगीवर उचललं, ते आधी ठरवलं होतं?"

"हो."

"नारळासकट?"

"नारळासकट."

हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. त्या दिवशी मान वर करून खोटं बोललो. मग तीन वर्षं साठवलेलं काढलं. "देवगाव फाट्याच्या लग्नात तुम्ही मला काय म्हणाला होता, आठवतंय का?"

तो गोंधळला. "मी? भेटलोय का आपण?"

त्या वाक्याचा राग आला नव्हता एवढा राग मला त्याच्या विसरण्याचा आला. रात्रंदिवस मी ज्याला मनात उत्तरं देत होतो, त्याच्या डोक्यात मी एक दिवसही राहिलो नव्हतो. मी ते वाक्य त्याला म्हणून दाखवलं, मामा आणि जिलबीसकट. त्यानं ऐकून घेतलं. थोडा वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला.

"म्हणालो असेन," तो म्हणाला. "चूक झाली. खरं सांगू का, हे मला येत नाही. माझी मशीन वेग जुळवते, मी नुसता हात वर करतो. समोर हलगी आली असती तर मी अडकलो असतो. शिकवाल का?"

तीन वर्षं मी या क्षणासाठी जे वाक्य घोटून ठेवलं होतं ते फार कडक होतं. पण समोर गरज असलेला माणूस उभा असताना कडक वाक्य वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

"शिकवतो," मी म्हणालो. "तुमच्या मशीनवर. दर आठवड्याला, एक अख्खी दुपार."

"दुपार म्हणजे दोन तास?"

"चार."

"तीन."

"तीन. पण एक अट हाय," मी म्हणालो. "मशीनच्या मागं मी उभा राहणार. तुमी समोरून बघायचं."