पाठीवरचा हात

ट्रूस बाकेमा मला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या सायकलच्या पुढच्या पेटीत बटाट्यांचं पोतं होतं, पोत्यावर कुत्रा, मागे उभा दिवा आणि दिव्याला टांगलेली शिडी. एका हाताने ती खारवलेला हेरिंग मासा शेपटीला धरून खात होती, दुसरा हात तिने मला थांबवायला वर केला. हँडल कोण धरत होतं, ते मला आजही माहीत नाही.

"तू वोप्के ना? सायकलला घाबरणारा?"

ग्रोनिंगनमध्ये, सायकलींच्या शहरात, सायकलला घाबरणारा बाप बहुधा एकच होता, त्यामुळे ओळख लगेच पटली. दोन वर्षांपूर्वी मोठ्या चौकात मी लेकीला, फेनाला, पुढे बसवून पडलो होतो. तिच्या हनुवटीला तीन टाके पडले. फेना पुढे आजोळच्या अंगणात सायकल शिकली, पण रस्त्यावर मी तिला सायकल आणू देत नव्हतो. सात वर्षांच्या पोरीला चालत शाळेत न्यायचो, आणि तिच्या वर्गातली मुलं घंटी वाजवत शेजारून जायची. हल्ली तिने माझा हात धरणं सोडलं होतं.

ट्रूस तीस वर्षं बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडायची. पूल उघडला की खोळंबलेले लोक कुठल्या गल्ल्यांतून सटकतात, ते तिने वरून पाहून ठेवलं होतं. आता निवृत्तीनंतर दर बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटली की ती आमच्यासारखी भेदरलेली कुटुंबं त्याच गल्ल्यांतून फिरवायची. आमची वाट भाजीच्या वाफ्यांमागून निघून दफनभूमीच्या कुंपणाकडेने शाळेपर्यंत जात होती.

"इथले कुणी आडवे येत नाहीत," ट्रूस म्हणाली.

आमच्याकडे मूल सायकलवर नवीन असलं की बाप शेजारून सायकल चालवत एक तळहात त्याच्या पाठीवर ठेवतो. मी फेनाच्या पाठीवर ठेवला. ट्रूसने माझ्या पाठीवर ठेवला. माझं वय बेचाळीस.

मागे एक म्हातारा अडकला. "मिरवणूक कसली आहे?"

"धीर धरा आजोबा," ट्रूस म्हणाली. "मधला नवीन आहे."

तिसऱ्या बुधवारी कुंपणापाशी फेना म्हणाली, "बाबा, तू मला धरत नाहीयेस. माझ्यावर रेलतोयस."

मी हात उचलला. सायकल डगमगली, ती माझी. फेनाची सरळ चालली होती.

"ट्रूस, सोडू नका हं," मी म्हणालो. वळून पाहिलं, तर ती कधीचीच मागे दफनभूमीच्या फाटकापाशी उतरून कुत्र्याला बिस्कीट भरवत होती.

माझं हँडल पुन्हा हललं. तेवढ्यात फेनाने डावा हात सोडून माझ्या कोपराला लावला.

"मागे नको बघू," ती म्हणाली. "पुढे बघ."

शाळेच्या फाटकापर्यंत तिने तो हात काढला नाही.

आता फेना एकटीच शाळेत जाते, मोठ्या चौकातून. ट्रूसचा गुडघा बदलला. ती बसने फिरते.