ड्रायव्हरचा कोरडा घसा

शेजारच्या ड्रायव्हरबद्दल लिहायला मी कोण? इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण तो बस कुठल्या गावांना न्यायचा, हेही कधी धड विचारलं नाही. मला तो मौनीबुवा म्हणायचा. एवढंच ठाऊक होतं की ड्यूटीच्या दिवशी तो पाणी पीत नसे, वाटेत गाडी थांबवायला नको म्हणून. निवृत्तीनंतरही घराबाहेर पडायचं तर घसा कोरडाच.

त्याच्या पोटात गाठ निघाली. शिरेतून डाय, म्हणजे रंगद्रव्य, देऊन सीटी स्कॅन केल्याशिवाय ऑपरेशन ठरेना, आणि मधुमेहाने मूत्रपिंडं आधीच थकलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मूत्रपिंडांना डाय सोसला नाही तर डायलिसिसवर जावं लागेल. कंबरदुखीच्या गोळ्या बंद, पाणी भरपूर प्या."

वहिनींचे गुडघे धरलेले, म्हणून स्कॅनच्या दिवशी सोबत मी.

"आजोबा, सकाळपासून पाणी किती प्यायलात?" नर्सने विचारलं.

"थेंबसुद्धा नाही. प्रवास होता ना."

"टॅक्सीने तर आलात!"

"टॅक्सी म्हणजे गाडीच की."

नर्स हसली नाही. तडक डॉक्टरांकडे गेली. स्कॅन थांबवून सलाइन लावलं. ड्रायव्हरने पलंगाचा कठडा स्टिअरिंगसारखा धरून ठेवला होता.

"मौनीबुवा, इंजिन बंद पडलं तर ओढून न्यायची सोय आहे का रे इथे?"

मी सलाइनचे थेंब मोजू लागलो.

दुपारी डाय दिला. मग आम्ही नुसते लघवीची वाट बघत बसलो. वहिनींचा फोन आला, "भावोजी, झाली का हो?" ड्रायव्हरने फोन ओढून घेतला. "अगं, परीक्षेचा निकाल आहे का हा?" मग फोन माझ्याकडे देऊन त्याने पुन्हा कठडा धरला. संध्याकाळी झाली.

दोन दिवसांनी रक्त तपासलं, तर मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं. वहिनी एकच टॉवेल उलगडून पुन्हा पुन्हा घडी घालत होत्या. आठवड्याने ते खाली आलं. डायलिसिस टळलं आणि ऑपरेशन ठरलं.

त्यातून तो परत आला नाही. मूत्रपिंडं टिकली, हृदयाने दगा दिला.

ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती व्हायला निघाला तेव्हा मी फाटकाशी उभा होतो.

"पाणी प्यायलास?"

"तांब्याभर. आता तुझ्यामुळे वाटेत गाडी थांबवावी लागणार."

"थांबव की."