वहिनीचं बदक

कुठेही पोहोचायची अजिबात घाई नाही असं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं आहे, आणि ती माझी वहिनी आहे. नेदरलँड्ससारख्या देशात हे सोपं नाही. इथे आगगाडीला जरा उशीर झाला तरी फलाटावरची माणसं घरात काही वाईट घडल्यासारखे चेहरे करतात, आणि मित्राला चहाला बोलवायचं तर दोघांच्याही डायऱ्या उघडाव्या लागतात. अशा देशात वहिनी "निघाले की पोहोचेन" एवढ्या एका वाक्यावर सुखानं जगत आली. माझा दादा पुण्याहून नोकरीसाठी इथे आला, तिच्यासह नीउ-व्हेनेपला घर घेतलं, आणि मी काही वर्षांनी त्याच्या मागोमाग येऊन हार्लेमला राहू लागलो. तेव्हापासून दर शनिवारी मी बसनं त्यांच्याकडे जेवायला जातो. त्या घरात दोन वेळा चालतात, एक दादाच्या मनगटावरची आणि दुसरी वहिनीची. जेवण अर्थातच वहिनीच्या वेळेनुसार होतं.

तिच्या या निवांतपणाला कारण म्हणजे तिचं बदक. बदक म्हणजे गाडी. महायुद्धानंतर फ्रान्समध्ये निघालेली ती छोटीशी, पत्र्याच्या डब्यासारखी, डोळे बाहेर आलेली मोटार. इथले लोक तिला लाडानं 'एंड' म्हणतात, म्हणजे बदक. आल्यानंतरचा पहिला हिवाळा वहिनीनं खिडकीत बसून काढला होता. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत, आणि बाहेर दुपारीच दिवेलागण झाल्यासारखा उजेड. एके दिवशी ती कालव्याच्या कडेनं चालत निघाली, आणि एका शेताच्या कुंपणाआड तिला ती राखाडी गाडी दिसली. आत कोंबड्या होत्या. स्टिअरिंगवर एक कोंबडी बसली होती आणि मागच्या सीटवर बाकीच्या, सहलीला निघाल्यासारख्या. वहिनी रस्त्यावर उभी राहून एकटीच हसत सुटली. "भाऊजी, इथे आल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले," ती मला सांगायची. शेताच्या मालकीणबाई बाहेर आल्या, त्यांना वाटलं ही बाई रडते आहे. गैरसमज दूर होईपर्यंत दोघींचा कॉफीचा दुसरा कप संपला होता. पुढच्या महिन्यात कोंबड्यांची दुसरीकडे सोय झाली आणि गाडी त्यांच्या घरी आली. पिसं मात्र वर्षभर निघत होती.

त्या गाडीचा इतिहास वहिनी सांगायला लागली की हातातलं काम बाजूला ठेवावंच लागे. कारखान्याच्या साहेबानं म्हणे सांगितलं होतं की मला छत्रीखाली चार चाकं हवीत, बाकी काही नको. खेड्यातल्या शेतकऱ्याला त्यात टोपी न काढता बसता आलं पाहिजे, बटाट्याचं पोतं मावलं पाहिजे, आणि नांगरलेल्या शेतातून गाडी नेली तरी टोपलीतलं एक अंडं फुटता कामा नये. मग युद्ध सुरू झालं, तशी जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून कारखान्यानं नमुन्याच्या गाड्या लपवून टाकल्या. काही तर कुठल्याशा कोठाराच्या माळ्यावर चढवल्या, आणि त्या तिथे धूळ खात वर्षानुवर्षं पडून राहिल्या. युद्ध संपल्यावर गाडी लोकांसमोर आली तेव्हा शहाणी माणसं पोट धरून हसली, आणि साधी माणसं गुपचूप नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघत राहिली. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा आरतीनंतर लहान मुलांनी तिला गोष्ट सांगायला सांगितलं. ती माळ्यावरच्या गाड्यांपाशी आली तेव्हा प्रसादाचं ताट हातात घेऊन अध्यक्ष दारात तसेच उभे होते, आणि आत जायचं धाडस त्यांना होत नव्हतं. "मग त्या अंधारात एकमेकींशी काय बोलत असतील गं?" असं तिनं एका मुलीला विचारलं. ती मुलगी इथलीच, मराठी समजणारी पण डचमध्ये उत्तर देणारी. तिनं खूप विचार करून डचमध्ये सांगितलं, "त्या झोपल्या असतील." वहिनीला ते एकदम पटलं. त्यानंतर ती गोष्ट सांगताना दरवेळी म्हणायची, "आणि गाड्या झोपून गेल्या."

अंड्यांची अट तिनं फारच मनावर घेतली होती. गाडीत काही दुरुस्ती केली (आणि ती सगळी दुरुस्ती स्वतःच करायची, जुन्या साड्यांच्या फडक्यांनी हात पुसत) की सुपरमार्केटमधून अंड्यांचा ट्रे आणून माझ्या मांडीवर ठेवायची, मला मागे बसवायची आणि विटांच्या जुन्या रस्त्यावरून गाडी पळवायची. पळवायची हा शब्द चुकीचा आहे. आम्हाला सायकलवाले मागे टाकत, आणि मागे टाकताना आत वाकून हसत. वळणावर गाडी होडीसारखी कलायची, ताडपत्रीचं छप्पर मागे गुंडाळलेलं असल्यामुळे वर नुसतं आभाळ, आणि ते कलणारं आभाळ बघता बघता मला कितीदा तरी डुलकी लागलेली आहे. अंडी फुटोत वा न फुटोत, रात्रीच्या जेवणाला अंड्याचा रस्सा ठरलेला.

त्या गाडीच्या सीटा काढता येतात. वहिनी त्या काढून कालव्याच्या काठी मांडायची आणि गवतात सोफ्यावर बसल्यासारखी बसून चहा प्यायची. माझ्या हार्लेमच्या घराच्या वास्तुशांतीला ती मागची सीट खांद्यावर घेऊन जिना चढून आली. "तुमच्याकडे खुर्च्या कमी पडणार हे मला माहीत होतं," म्हणाली. खुर्च्या खरोखरच कमी पडल्या, आणि गुरुजींना त्या सीटवर बसवलं. ते आशीर्वाद देताना हलकेच वरखाली होत होते.

दादाला हे सगळं मुळीच मंजूर नव्हतं. तो आर्नहेमच्या एका वीज कंपनीत काम करतो. आकड्याच्या बाबतीत तर इतका काटेकोर, की कुणी "साधारण शंभर" म्हटलं तरी त्याच्या कपाळावर आठी पडते. एकदा आगगाड्यांचा संप होता आणि त्याची ऑफिसात महत्त्वाची मीटिंग होती. वहिनी म्हणाली, "चल, मी सोडते." पण हमरस्त्यावर ती बदक नेत नसे. तिथे बदकाचा अपमान होतो, असं तिचं म्हणणं. म्हणून ते नदीच्या बांधावरून, गावागावांतून निघाले. वाटेत करकोच्याचं घरटं लागलं, तिथे थांबले. एका फेरीबोटीतून नदी ओलांडली. वहिनीला पलीकडचा काठ जास्त आवडला म्हणून आणखी एका फेरीबोटीतून परत अलीकडे आले. दादा लॅपटॉप छातीशी धरून बसला होता. आर्नहेमला पोहोचले तेव्हा मीटिंगमधले लोक घरी निघाले होते. त्या दिवसानंतर दादानं स्वतःसाठी एक ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि बदकात पाय ठेवला नाही. "ती गाडी नाही, तो एक स्वभाव आहे," असं तो मला म्हणाला होता, आणि त्याला वाटलं की आपण टीका केली.

गेल्या शरदात, एका दुपारी, मला वहिनीचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "भाऊजी, येता का जरा? गाडी घरी न्यायची आहे." मी गेलो. गावाबाहेरच्या चौकाजवळ बदक गवतात उभं होतं आणि वहिनी त्याच्यापासून थोडी दूर, किल्ली मुठीत घट्ट धरून. एक सायकलवाली मुलगी बाजूच्या रस्त्यानं आली होती. वहिनीनं अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला. मुलगी डगमगली, काहीतरी रागानं बोलली आणि निघून गेली.

"कुणाला काही लागलं नाही ना?" मी विचारलं.

"नाही लागलं. पण ती मला दिसलीच नाही हो," वहिनी म्हणाली. "उजेड होता, रस्ता मोकळा होता, आणि ती दिसलीच नाही."

तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. मला ते बदक कधीच नीट चालवता आलेलं नाही. मी ते पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत, घरापर्यंत आणलं, आणि वाटेत तिनं मला एकदाही चूक दाखवली नाही. तेव्हाच मला भीती वाटली.

हाउसआर्ट्सकडून, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडून, ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसत होतं, पण दोन्ही बाजूंचं जग कधीच हळूच पुसलं गेलं होतं. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली रोज थेंब घालून सांभाळायची होती. गाडी बंद. डॉक्टर ते सांगायला अवघडले होते, तर वहिनीच त्यांना म्हणाली, "ते मी आधीच ठरवलंय."

हिवाळाभर बदक आच्छादनाखाली उभं होतं. वहिनी पुन्हा खिडकीत बसू लागली. पुतणीनं शिकायला गेलेल्या गावाहून फोन करून इंग्रजीत सुचवलं की गाडी विकून टाका, आईला बघवत नसेल. एक गृहस्थ बघायला आलेही. त्यांना ती आपल्या हॉटेलच्या दाराशी उभी करून तिच्यात फुलझाडं लावायची होती. वहिनीनं त्यांना कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आजारी मी आहे. बदक नाही." गृहस्थ गेले. दादा जिन्यात उभा राहून ऐकत होता.

पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा आच्छादन अंगणात पडलं होतं आणि दादा बदकात स्टिअरिंगपुढे बसला होता, ऑफिसच्या कोटासकट, गुडघे पार वर आलेले. वहिनी दारात उभी होती.

"शिकव," दादा म्हणाला.

"अरे, तुला जमणार नाही. तुझी गाडी तर स्वतःच चालते."

"म्हणूनच म्हणतो, शिकव."

झाडं विकणाऱ्या एका दुकानाच्या रिकाम्या आवारात त्याची शाळा भरली. त्या गाडीचा गिअर म्हणजे समोरून बाहेर आलेली छत्रीची मूठ, ती ओढायची, पिळायची, आत ढकलायची. दादा प्रत्येक कृती तोंडानं म्हणत करायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. "ओढतोस काय, विचार तिला," वहिनी ओरडायची. "गाडीला काय विचारायचं?" दादा घामाघूम होऊन म्हणायचा. मागच्या सीटवर मी हसू दाबत होतो, आणि पुढे वहिनीनं ते दाबलं नाही. कित्येक महिन्यांनी ती हसत होती.

आता शनिवारी आम्ही तिघं फिरायला जातो. दादा चालवतो, वहिनी शेजारी, मी मागे. तिला समोरचा रस्ता दिसतो, बाजूचं विचारावं लागतं. "उजवीकडे काय आहे?" पहिल्या दिवशी दादानं अहवाल दिला, "गवत. मग पाणी. मग पुन्हा गवत."

"कसलं गवत? रंग कुठला?"

"हिरवा."

"अरे, हिरवा काय! कुठला हिरवा?"

दादानं पुढचा पूल येईपर्यंत दोनदा तिकडे पाहून घेतलं. मग म्हणाला, "कोवळ्या हरभऱ्याचा." वहिनीनं मान हलवली, तसं तो जरा सरसावून बसला.

परवाची गोष्ट. छप्पर मागे गुंडाळलं होतं, ऊन मऊ होतं, आणि कालव्याच्या बांधावरून आम्ही जवळजवळ तरंगत चाललो होतो. मग दादाच आपणहून म्हणाला, "उजवीकडे एक बगळा आहे. अगदी काठावर, एका पायावर."

मी पाहिलं. काठ होता, एक जुना खुंट होता, लांबपर्यंत पाणी होतं. बगळा कुठेच नव्हता.

"काय करतोय?" वहिनीनं विचारलं.

"विचार करतोय," दादा म्हणाला.

वहिनीनं डोकं मागे टेकलं, डोळे मिटले आणि ती स्वतःशीच हसली. दादानं गाडी आणखी हळू केली. मीही मग वळण येईपर्यंत त्या काठाकडे बघत राहिलो.