हद्दीवरचा चौक

आमच्या देवासात तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, टेकडीवरची देवी एक, राजे दोन. एका रस्त्याची डावी बाजू यांची तर उजवी त्यांची. परगावचा पाहुणा हसायचा, आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. मी थोरल्या पातीत दिलेली, आणि माझी सख्खी अक्का समोरच्याच आळीत, म्हणजे धाकट्या पातीत. तिच्याकडे वाटीभर विरजण मागायला जायचं तर मी परराज्यात जात असे.

माझे यजमान थोरल्या पातीत बांधकामाचे ओव्हरसियर होते. अक्काचे यजमान धाकट्या पातीत तेच काम करत. दोघे साडू सणावाराला एका पंगतीत जेवत, आग्रहाने एकमेकांना श्रीखंड वाढत, पण कचेरीतला शब्द काढत नसत. कामाचं काही विचारायचं तर कागद दरबारामार्फत जायचा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत तान्हं पोर चालायला लागे.

प्लेग ओसरल्यावर गावाला बांधण्याचं वेडच लागलं. इंदूरच्या रस्त्याकडे जिथे पूर्वी नुसती बाभळ होती तिथे वीटभट्ट्या धुमसू लागल्या. खातेगांवकडून सागवानाच्या गाड्या येत, धारकडून गवंडी येत. चुन्याची घाणी दिवसभर करकरायची. जो भेटेल तो कौलं कुठे स्वस्त मिळतात तेच बोलायचा. त्याबरोबर दोन्ही राज्यांनी नियमही काढले. खिडकीशिवाय खोली नको, ओटा रस्त्यात नको, आणि घराची भिंत आपल्या हद्दीपासून तीन हात आत हवी, म्हणजे उजेड-वारा खेळेल. नियम चांगलेच होते. प्लेगात जी माणसं गेली ती बहुतेक काळोख्या, कोंदट माजघरांतून गेली, असं सगळे म्हणत.

आमची मुलगीही तशाच माजघरात गेली. भाड्याचं घर होतं, मधल्या खोलीला झरोकासुद्धा नव्हता. त्यानंतर यांनी तिचं नाव एकदाही घेतलं नाही. रडलेही नाहीत. टेप घेऊन लोकांच्या खिडक्या मोजत आमच्या पातीभर हिंडू लागले. मला त्या टेपेचा राग यायचा. अहो, माणूस घरात बसून बायकोबरोबर चार आसवं तरी गाळील की नाही!

तर आमच्या मागे एक शिंपीणबाई राहायची. तिच्या सासरचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, तेव्हापासूनचं घराणं. नवऱ्याची नजर गेलेली. पूर्वी दरबारी अंगरखे शिवणारा माणूस, आता भिंत चाचपत चालायचा. सगळा संसार हिच्या सुईवर. त्यांचं मातीचं घर आदल्या पावसात बसलं आणि नवरा, बायको, मुलगी टेकडीखालच्या धर्मशाळेत जाऊन राहिली. तिने आमच्या कचेरीतून परवानगी काढली, पाया खणायला घेतला, आणि चार दिवसांत धाकट्या पातीचा शिपाई येऊन उभा राहिला. हद्द आमच्या आळीला वळसा घालून मागे आलेली, आणि अर्धी जागा त्यांच्या बाजूला होती.

खरी गोम पुढेच होती. हद्दीचा दगड तिच्या जागेच्या बरोब्बर मधोमध. यांचं म्हणणं, दगडापासून अलीकडे तीन हात मोकळे सोडा. मेव्हण्यांचं म्हणणं, दगडापासून पलीकडे तीन हात सोडा. दोघांनी आपापल्या खुंट्या ठोकल्या. मधे सहा हातांचा पट्टा गेला, तर घर उभं करायचं कशावर? त्यात आणखी एक नियम असा की पडक्या घराच्या जागेवर पावसाळ्याआधी छप्पर चढलं नाही तर जागा सरकारजमा. आणि चैत्र तर लागलेला.

गवंडी माळव्यातलाच होता. त्याने थापी खाली ठेवली. "बाई साब, म्हें कंई करां? दोई राज को हुकम है," म्हणाला, आणि दुसऱ्याच्या कामावर निघून गेला. शिंपीणबाई माझ्या मागल्या दारी येऊन बसली. रडली नाही ती. म्हणाली, "वैनीबाई, यांना त्या जागेतला कोपरा न् कोपरा पाठ आहे. दुसरीकडे नेलं तर हे आंधळेच होतील."

मी त्या संध्याकाळी यांच्याशी भांडले. हे म्हणाले, "नियम आहे. एकीला सूट दिली की उद्या प्रत्येक जण खिडक्या बुजवील." मी म्हटलं, "मग जाऊन पलीकडून तरी बघा एकदा." यावर हे असे दचकले की जणू मी चोरी करायला सांगितली. थोरल्या पातीच्या ओव्हरसियरने टेप घेऊन हद्दीच्या दगडापलीकडे पाऊल टाकलं असतं तर प्रकरण दोन दरबारांत गेलं असतं. यांनी नकाशा उघडून दाखवला. तांबड्या रेघेपर्यंत सगळं टापटीप काढलेलं, रेघेपलीकडे कोरा कागद. अक्काकडे चौकशी केली तर तिथल्या नकाशातही तसंच, फक्त कोरा भाग आमच्या बाजूचा. पुरी जागा दोघांपैकी एकानेही पाहिली नव्हती. मी कपाळाला हात लावला.

अक्का आणि मी चैत्रगौरीचं हळदीकुंकू मिळून करायचो, एक वर्ष तिच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. त्या साली ठरवलं, शिंपीणबाईच्या जागेवर करायचं. डाळ आणि पन्हं आमच्या घरून नेलं, त्यामुळे सोवळं पाळणाऱ्या बायकांनाही नाक मुरडायला जागा उरली नाही. पाया दोन्हीकडे उकरलेला, तेव्हा सपाट जमीन काय ती दोन्ही खुंट्यांच्या मधे. तिथेच पाट मांडून गौर बसवली. दोन्ही राज्यांतल्या बायका आल्या, ओट्या भरल्या, भिजवलेले हरभरे वाटले. शिंपीदादा कडेला घोंगडीवर बसून आवाजांवरून कोण आलं ते ओळखत होते.

आम्ही दोघींनी आपापल्या यजमानांना निरोप धाडला होता, भांडी जड आहेत, न्यायला या. ऊन उतरताना दोघे आले, एक इकडून, एक तिकडून. हाती टेप नाही, डोक्याला कचेरीची पगडी नाही. गौरीपुढे बसून पन्हं घ्यायला कुठल्या दरबाराची ना असणार? बसले दोघे, अगदी मधोमध.

मी यांच्याकडे बघत होते. यांनी घोट घेतला आणि पेला तसाच हातात राहिला. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग वर. आतापर्यंत हे नेहमी कडेला उभे राहून त्या पट्ट्याकडे बघत आले होते. आज पहिल्यांदा मधे बसले होते. मेव्हण्यांना म्हणाले, "इथे छप्पर घालायचंच नाही. हा चौक आहे."

मेव्हण्यांनी दोन्हीकडच्या खुंट्या पाहिल्या. मग सावकाश म्हणाले, "तुमच्या बाजूला माजघर, माझ्या बाजूला स्वयंपाकघर. दोन्हीच्या खिडक्या चौकात." आणि दोघे हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना एकमेकांशी कामाचं बोलताना पहिल्यांदा पाहिलं. अक्काने मला चिमटा काढला.

कागदोपत्री ती दोन घरं झाली. शिंपीदादा थोरल्या पातीचे रहिवासी, शिंपीणबाई धाकट्या पातीची. नियम एकही मोडला नाही. खोल्या लहान झाल्या हे खरं, आणि पावसात जेवायला जायचं तर डोक्यावर पोतं घ्यावं लागायचं. पण मृगाआधी कौलं चढली. पुढे हद्दीवर ज्यांच्या जागा होत्या ते सगळे तसलेच चौक मागू लागले, आणि वर ती कल्पना आपलीच असल्याचं सांगू लागले.

वास्तुशांतीला आम्ही गेलो. चौकात दगड तसाच होता, त्याच्या शेजारी तुळस. शिंपीदादा भिंतीला हात न लावता या खोलीतून त्या खोलीत जाऊन दाखवत होते. हे मात्र माजघरात शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शेवटी मी बघायला गेले.

खिडकी उघडी होती. उन्हाचा पट्टा थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचला होता, आणि त्यात शिंपीणबाईची मुलगी गोधडीवर झोपली होती. दमली असेल सकाळपासून. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं, म्हणून हे हात आडवा धरून उभे होते.

"आपली एवढी झाली असती," हे म्हणाले.

मी म्हटलं, "जरा उंच. तुमच्यावर गेली होती."

"हो," हे म्हणाले. "उंच झाली असती." मग त्यांनी तिचं नाव घेतलं. मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.