परमिट काकांच्या नावावर

कुठल्याही बटणाला काका आधी उलटा हात लावून बघायचे. घरातला पंखा असो, माझ्या दुकानातला फ्रिज असो, की मोबाईलचा स्क्रीन. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, जरा थांबायचं, मगच बटण दाबायचं. शॉक बसलाच तर मूठ आवळते, आणि उलटा हात असला की तो वस्तूला चिकटत नाही. "मी काहून जिता हाव? उलट्या हातानं," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा निवृत्त माणूस असेलच, ज्यानं नोकरी सोडली पण नोकरीनं त्याला सोडलं नाही. केनवडला माझ्या मेडिकलसमोर राहणारे हे काका जन्मभर लाइनमन होते.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी मोबाईलवर गेम खेळत बसलो होतो. त्यात माणूस जंगलात रिकाम्या हातानं उतरतो, लाकूड-दगड गोळा करून बेस बांधतो, आणि बेस लुटायला दुसरे खेळाडू येतात. त्यांना अडवणारी दारं आणि बंदुका विजेवर चालतात. मी जनरेटरला वायर जोडत होतो. काका गोळ्या घ्यायला आले, काउंटरवरून वाकून पाहिलं आणि ओरडले, "अबे, चालू लाइनीवर काम करून राह्यला तू!"

"काका, गेम हाय हा."

"मंग? बंद कर आधी."

मी बंद केलं. काय करणार! त्या दिवसापासून आमच्या बेसचं वीज खातं काकांकडे गेलं. आम्ही खेळणारे तिघं होतो: मी, फोटो स्टुडिओवाला संजू आणि मानोऱ्याचा माझा मेहुणा. काका चौथे झाले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी जनरेटरशेजारी खड्डा करायला घेतला. गेममध्ये अर्थिंग नाही, हे त्यांना पटेचना. शेवटी त्यांनी तिथं एक पेटी ठेवली, आणि खऱ्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालतात म्हणून तिच्यात कोळसा भरला. "मीठ कुठं भेटते इथं?" असं ते मेहुण्याला विचारत राहिले. मीठ भेटलं नाही. पुढं बेसमध्ये काहीही बिघडलं, की काका म्हणायचे, "मीठ नाई म्हनून."

त्यांचा खरा नियम मात्र परमिटचा. दुरुस्तीसाठी ज्यानं लाइन बंद केली, त्यानंच ती चालू करायची. आणि त्याआधी सगळ्यांना विचारायचं, "उतरले का सगळे?" प्रत्येकानं "उतरलो" म्हणेपर्यंत मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही.

या नियमापायी आम्ही एकदा साफ लुटले गेलो. लाइन बंद होती, संजू छपरावर वायर ओढत होता, आणि तेवढ्यात त्याचं नेटवर्क गेलं. दारात लुटारू आलेले. मी आणि मेहुणा ओरडतोय, "काका, चालू करा!" आणि काका शांतपणे विचारतायत, "संजू, उतरला का बावा?"

दुसऱ्या दिवशी संजू भांडायलाच आला. "काका, गेममदी मेलो असतो त परत आलो असतो न!"

"असं म्हनत म्हनतच मानूस एक दिवस हात लावते," काका म्हणाले. संजूला राग कायम ठेवायचा होता, पण काकांनी त्याला चहा पाजला.

उन्हाळ्यात काकांनी सगळं वायरिंग नव्यानं करायला काढलं. लाइन बंद केली, अर्ध्या वायरी ओढल्या आणि म्हणाले, "परमिट माझ्या नावावर हाय. बाकीचं उद्या." या गेममध्ये माणूस बाहेर पडला, की त्याचा खेळाडू असेल तिथंच झोपून राहतो. काकांचा मेन स्विचपाशी झोपला. पहाटे काकांचं हृदय बंद पडलं.

मला फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं. दुपारी दुकान रिकामं असलं की नजर समोरच्या ओट्यावर जाते.

उरलेल्या वायरी आम्ही ओढल्या. लुटारूंनी बाहेरची भिंत फोडली होती. पुढच्या हल्ल्यात एवढ्या मेहनतीचा बेस जाणार, हे दिसत होतं. फक्त एक स्विच दाबायचा होता. संजू म्हणाला, तू दाब. मी मेहुण्याला म्हणालो, तू दाब. कुणी दाबला नाही.

तेरवी झाल्यावर मी आणि संजू काकूंकडे गेलो. काकांचा मोबाईल त्यांनी चार्ज करून ठेवला होता. "रोज करतो मी. कायले, मलेच समजत नाई," त्या म्हणाल्या. आम्ही सगळं समजावून सांगितलं. मेहुण्याला फोन लावला. गेम उघडला, काकांचा खेळाडू उठून उभा राहिला, समोर स्विच.

काकूंनी आधी उलटा हात टेकवला. मग विचारलं, "उतरले का सगळे?"

"उतरलो काकू," मेहुणा फोनवरून म्हणाला. संजू म्हणाला. शेवटी मी म्हणालो.

काकूंनी बटण दाबलं. बेस उजळला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मोबाईल बंद केला, आणि काका पुन्हा स्विचपाशी आडवे झाले.

अजून तिथंच आहेत. परवा संजू म्हणाला, "त्यायच्या डोक्शावरचा बल्ब तरी बंद करू का? झोपीत उजेड लागत असन."

पण त्यासाठी लाइन बंद करावी लागली असती, आणि परमिट काकांच्या नावावर आहे.